एकच इअर, तीन सर्व्हर: ईजेबीला सेटिंग बाहेरून कशी द्यावी?

मांजरापट्टा (लातूर)

नमस्कार. सोयाबीन खरेदी केंद्रांसाठीचं ॲप्लिकेशन वाइल्डफ्लाय या जावा ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालतं. जावा १७, जकार्ता ईई १०. इअरमध्ये, म्हणजे पूर्ण ॲप्लिकेशनच्या एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये, दोन ईजेबी जार आहेत (ईजेबी किंवा बीन म्हणजे सर्व्हर स्वतः तयार करून चालवतो ते क्लास). एकात वजन आणि ओलाव्याची तपासणी, दुसऱ्यात रात्रीचा हिशेब आणि शेतकऱ्यांना जाणारे एसएमएस. शिवाय एक वॉर (वेबचा भाग), आणि लिब फोल्डरात दोघांना लागणारी सामायिक जार. सर्व्हर तीन: चाचणीचा, लातूरचा, नांदेडचा.

ओलाव्याची मर्यादा, एसएमएस गेटवेचा पत्ता, टाइमआउट, एसएमएसचा मजकूर, हिशेबाची वेळ हे सगळं सध्या जारमधल्याच कॉन्फिग.प्रॉपर्टीज फाइलमध्ये आहे. म्हणजे तीन सर्व्हरला तीन वेगळ्या इअर बांधाव्या लागतात. ओलाव्याचंच बघा. हमीभाव खरेदीत नेहमीची मर्यादा १२ टक्के, पण २०२४ च्या खरिपात केंद्र सरकारने ती १५ पर्यंत वाढवली. असा निर्णय येतो तेव्हा केंद्रावर ट्रॅक्टरची रांग लागलेली असते. त्या घाईत एका आकड्यासाठी नवा बिल्ड करून तीन ठिकाणी टाकणं धोक्याचं आहे.

म्हणून एन्व्ह-एन्ट्री, म्हणजे एक्सएमएलमध्ये नाव आणि किंमत देणारी नोंद, वापरायला घेतली. तपासणीच्या जारमधल्या ईजेबी-जार.एक्सएमएलमध्ये तपासणी बीनखाली 'ओलावामर्यादा' नावाची नोंद केली, प्रकार जावा.लँग.डबल, किंमत बारा. बीनमध्ये double प्रकारच्या फील्डवर @रिसोर्स (सर्व्हरने किंमत भरावी असं सांगणारी खूण) लावून नेममध्ये तेच नाव दिलं. तपासणी बीनला १२ बरोबर मिळतात. पण हिशेबाच्या बीनमध्ये अगदी तसंच @रिसोर्स लिहिलं तर ०.० यायलंय. लॉगमध्ये एक अक्षर नाही, डिप्लॉयमेंटही यशस्वी दाखवतो.

असं का होतं? आणि इअर एकच ठेवून तिन्ही सर्व्हरला वेगवेगळ्या किमती देण्याची नीट पद्धत कोणती?

---

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

आधी ०.० चं कारण. ईजेबी जारमध्ये लिहिलेली एन्व्ह-एन्ट्री ज्या बीनखाली लिहिली त्याच बीनची असते. जावा:कॉम्प/एन्व्ह ही प्रत्येक ईजेबीची स्वतंत्र नावांची जागा आहे. एका बीनची नोंद शेजारच्या बीनलाही दिसत नाही, मग दुसऱ्या जारचं तर सोडाच. याला अपवाद वॉरचा. ईजेबी वॉरच्या आत ठेवले तर वॉरमधले सगळे घटक एकच जावा:कॉम्प वाटून घेतात. त्यामुळे ईजेबी वॉरमधून जारमध्ये हलवले की चालू असलेलं बंद पडतं, आणि त्यात कोडची काही चूक नसते.

आता एरर का नाही? @रिसोर्सला नेम दिलंय पण त्या नावाला किंमत कुठेच नाही, तर कंटेनर (बीन चालवणारा सर्व्हरचा भाग) ते इन्जेक्शन, म्हणजे फील्डमध्ये किंमत भरणं, करतच नाही आणि फील्डची मूळची किंमत तशीच राहते. फील्ड double असेल तर ०.०. म्हणजे ओलाव्याची मर्यादा शून्य, आणि प्रत्येक माल नाकारला जाणार. मोठ्या डीचा Double असेल तर नल, आणि पहिल्याच तुलनेला नलपॉइंटर. दोघांत दुसरं बरं, निदान कळतं तरी. मुळात असं फील्ड कधीही छोट्या double मध्ये ठेवू नका.

हे तपासायची जागा म्हणजे @सिंगलटन आणि @स्टार्टअप लावलेला एक बीन. त्याच्या @पोस्टकन्स्ट्रक्ट मेथडमध्ये सगळ्या किमती पाहायच्या: नल आहे का, मर्यादा ० ते १०० मध्ये आहे का, पत्ता खरंच पत्त्यासारखा आहे का. काही चुकलं तर एक्सेप्शन फेकायचं, नावासकट. मग डिप्लॉयमेंटच अपयशी होतो आणि चुकीचा आकडा केंद्रावर पोचत नाही. हीच तपासणी कन्स्ट्रक्टरमध्ये लिहू नका. तेव्हा इन्जेक्शन झालेलं नसतं, सगळं नलच दिसेल. स्टॅटिक फील्डवरही ईजेबीत इन्जेक्शन होत नाही.

आणखी दोन गोष्टी पाहून घ्या, कारण लक्षणं हुबेहूब अशीच असतात. ईजेबी-जार.एक्सएमएलच्या मुळाशी मेटाडेटा-कम्प्लीट ट्रू असेल तर सगळ्या ॲनोटेशन दुर्लक्षित होतात. दुसरं, @रिसोर्समध्ये नेम लिहिलंच नाही तर धरलं जाणारं नाव नुसतं फील्डचं नसतं. पॅकेजसकट क्लासचं पूर्ण नाव, मग तिरपी रेघ, मग फील्ड. एन्व्ह-एन्ट्रीतही तसंच्या तसं लागतं.

आता मुख्य प्रश्न. कोडमध्ये फक्त नाव असावं, किंमत सर्व्हरने द्यावी. दोन्ही जारला एकच किंमत हवी आहे, म्हणून ती ईजेबी-जार.एक्सएमएलमधून काढा आणि इअरच्या मेटा-इन्फमधल्या ॲप्लिकेशन.एक्सएमएलमध्ये न्या. जावा ईई ६ पासून, म्हणजे २००९ पासून, तिथे एन्व्ह-एन्ट्री चालते. अट एवढीच की नाव जावा:ॲप किंवा जावा:ग्लोबलने सुरू व्हायला हवं. 'जावा:ॲप/एन्व्ह/ओलावामर्यादा' असं द्या. मग इअरमधला कोणताही बीन @रिसोर्सच्या लूकअपमध्ये हे पूर्ण नाव लिहून ती घेऊ शकतो. लक्षात घ्या, इथे नेम नाही, लूकअप.

हे झालं नावाचं. किंमत मात्र अजून इअरमध्येच आहे. ती बाहेर काढायला वाइल्डफ्लायवर दोन वाटा आहेत.

पहिली वाट नेमिंग सबसिस्टमची, म्हणजे जेएनडीआय ही नावांची यादी सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या भागाची. जेबॉस-सीएलआय (वाइल्डफ्लायचं कमांडचं साधन) उघडा, सबसिस्टम नेमिंगखाली बाइंडिंग, म्हणजे नावाला किंमत बांधणारी नोंद, जोडा: नाव 'जावा:ग्लोबल/खरेदी/ओलावा', बाइंडिंग-टाइप सिंपल, टाइप जावा.लँग.डबल, आणि व्हॅल्यू. नावात अपूर्णविराम आणि तिरपी रेघ आहे, म्हणून पूर्ण नाव दुहेरी अवतरणात टाका, नाहीतर सीएलआय त्याचे तुकडे करतो. मग एन्व्ह-एन्ट्रीत एन्व्ह-एन्ट्री-व्हॅल्यू काढून त्याजागी लूकअप-नेम लिहा आणि हे ग्लोबल नाव द्या. दोन्ही एकत्र ठेवायची परवानगी स्पेसिफिकेशन देत नाही. क्रमही सांभाळा: आधी सर्व्हरवर बाइंडिंग, नंतर डिप्लॉय. बाइंडिंग खरंच झालं का हे नेमिंग सबसिस्टमवर जेएनडीआय-व्ह्यू हे ऑपरेशन चालवलं की दिसतं.

दुसरी वाट, एक्सएमएलमध्येच डॉलर आणि महिरपी कंस टाकून प्रॉपर्टीचं नाव लिहायचं, अपूर्णविरामानंतर डीफॉल्ट. प्रत्यक्ष किंमत मग सिस्टम प्रॉपर्टीतून येते. पण मानक डिस्क्रिप्टरमध्ये (ईजेबी-जार.एक्सएमएल, ॲप्लिकेशन.एक्सएमएल) हे वाइल्डफ्लाय आपणहून करत नाही. ईई सबसिस्टममधलं स्पेक-डिस्क्रिप्टर-प्रॉपर्टी-रिप्लेसमेंट मुळात फॉल्स असतं, ते ट्रू करून पुन्हा डिप्लॉय करावं लागतं. जेबॉसच्या स्वतःच्या डिस्क्रिप्टरसाठीचं सेटिंग मात्र ट्रूच असतं. म्हणून एका फाइलमध्ये चालतं आणि दुसऱ्या फाइलमध्ये डॉलरसकट मजकूर जसाच्या तसा येतो. आकड्याच्या जागी डॉलर आला तर नंबरफॉरमॅट एक्सेप्शन येईल. स्ट्रिंग असेल तर तेही नाही, गेटवेच्या पत्त्यात थेट डॉलर जाईल.

तुमच्यासाठी मी पहिली वाट घेईन. किंमतीचा प्रकार सर्व्हरवरच ठरतो, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला इअर उघडावी लागत नाही.

---

गोदावरी_नांदेड

पाणचक्कींनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे, पण जकार्ता ईई १० वर आहात तर मायक्रोप्रोफाइल कॉन्फिग ही बाहेरून किमती वाचण्याची पद्धतही बघा. साध्या किमतींसाठी एक्सएमएलचा बराच पसारा वाचतो.

बीनमध्ये @इन्जेक्टसोबत @कॉन्फिगप्रॉपर्टी लावायचं, नेममध्ये 'ओलावा.मर्यादा'. तुमच्या ०.० च्या दुखण्यावर हे थेट औषध आहे: किंमत सापडली नाही आणि डीफॉल्टव्हॅल्यूही दिलेली नाही, तर डिप्लॉयमेंट तिथेच थांबतो. म्हणूनच मर्यादेसारख्या गोष्टींना डीफॉल्टव्हॅल्यू देऊच नका. टाइमआउटला द्या, ओलाव्याला नाही.

किंमत तीन ठिकाणी शोधली जाते आणि प्रत्येकाला वजन ठरलेलं आहे: सिस्टम प्रॉपर्टी ४००, ऑपरेटिंग सिस्टमचं एन्व्हायर्नमेंट ३००, जारच्या मेटा-इन्फमधली मायक्रोप्रोफाइल-कॉन्फिग.प्रॉपर्टीज फाइल १००. मोठ्या वजनाचं जिंकतं. एन्व्हायर्नमेंटच्या नावात टिंब चालत नाही, म्हणून टिंबाजागी अंडरस्कोर आणि सगळी अक्षरं कॅपिटल असं लिहिलं तरी ते ओळखलं जातं.

अडचणी कुठे येतात ते सांगतो. वाइल्डफ्लायच्या कोणत्या कॉन्फिगरेशन फाइलवर सर्व्हर उठतो ते पाहा. स्टँडअलोन-मायक्रोप्रोफाइल.एक्सएमएलमध्ये हा सबसिस्टम असतोच. स्वतः काटछाट केलेल्या फाइलमध्ये तो राहिलाय का हे तपासून घ्या. दुसरं, कॉन्फिग हे थ्रेडच्या कॉन्टेक्स्ट क्लासलोडरशी बांधलेलं असतं. एका वॉरमध्ये काही वाटत नाही, पण इअरमध्ये प्रत्येक जारने आपापली मायक्रोप्रोफाइल-कॉन्फिग फाइल आणली तर कोणाला कोणती दिसेल याचा भरवसा धरू नका. इअरमध्ये असाल तर किमती सिस्टम प्रॉपर्टी किंवा एन्व्हायर्नमेंटमधूनच द्या.

सिस्टम प्रॉपर्टी स्टँडअलोन.कॉन्फमध्ये देणार असाल तर जागा नीट निवडा. त्या फाइलमध्ये जावा_ऑप्ट्सचा एक इफचा ब्लॉक आहे. सर्व्हर सुरू होण्याआधीच जावा_ऑप्ट्स कुणी भरलेलं असेल तर तो अख्खा ब्लॉक वगळला जातो, आणि त्यात लिहिलेली तुमची प्रॉपर्टीही त्याच्यासोबत जाते. ब्लॉकच्या बाहेर, फाइलच्या शेवटी, जुन्या जावा_ऑप्ट्सला जोडून लिहा. किंवा सरळ स्टँडअलोन.एसएचला मोठ्या अक्षरातला पी हा पर्याय देऊन एका प्रॉपर्टीज फाइलचा मार्ग द्या. सर्व्हरगणिक एक फाइल, इअरला हात नाही.

एन्व्हायर्नमेंट वापरणार असाल तर सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) लक्षात ठेवा. सर्व्हर सर्व्हिस म्हणून उठतो तेव्हा तुमच्या बॅशआरसीमधले एक्सपोर्ट त्याला दिसत नाहीत. हाताने चालवलं की चालतं आणि मशीन रीबूट झालं की बंद, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. युनिटमध्ये एन्व्हायर्नमेंटफाइल द्या आणि त्या फाइलमध्ये एक्सपोर्ट हा शब्द लिहू नका, नुसतं नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत.

आणि पासवर्ड यातल्या कशातच नको. जावा कमांडवर वजा-डीने दिलेली प्रॉपर्टी पीएस कमांडच्या यादीत मशीनवरच्या कोणालाही वाचता येते. डेटाबेसचा पासवर्ड सर्व्हरच्या डेटासोर्समध्ये, आणि तिथेही क्रेडेन्शियल स्टोअरमधून.

---

मांजरापट्टा (लातूर)

दोघांचेही मनापासून आभार. ॲप्लिकेशन.एक्सएमएल आणि नेमिंग बाइंडिंगची वाट घेतली. दोन्ही जारला १२ मिळायलेत. आता दोन प्रश्न उरले.

एक. लिबमधल्या सामायिक जारमध्ये एसएमएस पाठवणारा साधा क्लास आहे. तो इनिशियलकॉन्टेक्स्ट बनवून जावा:कॉम्प/एन्व्हमधून टाइमआउट वाचतो. बीनमधून थेट बोलावला तर चालतो. पण त्यात आम्ही न्यू थ्रेड करून पाठवणी सुरू करतो, तिथे नेमनॉटफाउंड एक्सेप्शन येतो.

दोन. ओलाव्याचा आकडा सर्व्हर बंद न करता बदलायचा असेल तर?

---

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

एक. जावा:कॉम्प म्हणजे काय हे सर्व्हर थ्रेडवरून ठरवतो. बीनची मेथड सुरू होताना कंटेनर त्या थ्रेडला बीनचा नेमिंग कॉन्टेक्स्ट जोडतो. साध्या क्लासला स्वतःचं जावा:कॉम्प नसतं, त्याला बोलावणाऱ्या बीनचं मिळतं. म्हणून तोच क्लास एका बीनमधून चालतो आणि दुसऱ्यातून नाही, असंही होईल. तुम्ही स्वतः काढलेल्या थ्रेडला तर कंटेनर ओळखतच नाही.

न्यू थ्रेड काढून टाका आणि मॅनेज्ड एक्झिक्युटर सर्व्हिस वापरा. बीनमध्ये त्या प्रकारच्या फील्डवर नुसतं @रिसोर्स लावलं की सर्व्हरचा डीफॉल्ट एक्झिक्युटर मिळतो. काम सोपवताना तो नेमिंग कॉन्टेक्स्टही सोबत नेतो. बीनच्या मेथडवर @असिंक्रोनस लावलं तरी चालेल. पण त्याहून चांगलं म्हणजे त्या क्लासला लूकअप करूच देऊ नका. टाइमआउट बीनने वाचावा आणि कन्स्ट्रक्टरमधून द्यावा. मग तो क्लास सर्व्हरशिवाय, साध्या युनिट टेस्टमध्येही तपासता येतो.

दोन. नेमिंग बाइंडिंगवर रीबाइंड नावाचं ऑपरेशन आहे. ॲडला दिले तेच पर्याय नव्या किमतीसह द्यायचे, रीलोड लागत नाही. पण जेएनडीआयमधली किंमत बदलली म्हणून बीनच्या फील्डमधली बदलत नाही. स्टेटलेस बीनचे नग (त्याच्या वापरायच्या प्रती) पूलमध्ये आधीच तयार असतात, त्यांना जन्मवेळचा आकडा मिळालेला असतो. नवा नग तयार झाला तर त्याला नवा. म्हणजे काही वेळ एकाच केंद्रावर एका ट्रॅक्टरला १२ आणि मागच्याला १५ असा न्याय होऊ शकतो. शेतकऱ्याच्या बाबतीत हे चालणार नाही.

म्हणून जो आकडा चालू सर्व्हरवर बदलणार आहे तो फील्डमध्ये इन्जेक्ट करू नका. प्रत्येक तपासणीच्या सुरुवातीला जावा:ग्लोबलचं नाव थेट लूकअप करा. जेएनडीआयचा हा लूकअप सर्व्हरच्या आतल्या आतच होतो, दर मालामागे एकदा केल्याने काही अडत नाही. एका तपासणीत मात्र एकदाच वाचा आणि तोच आकडा शेवटपर्यंत वापरा. पावतीवरही तोच छापा, म्हणजे कोणत्या मर्यादेने निर्णय झाला हे नंतर दाखवता येतं.

खरं तर ओलाव्याची मर्यादा डेटाबेसमध्ये लागू-दिनांकासह असावी असं माझं मत आहे. ती सर्व्हरची सेटिंग नाही, खरेदीचा नियम आहे. गेटवेचा पत्ता सर्व्हरगणिक बदलतो, ओलावा हंगामागणिक.

---

दुधना (परभणी)

पाणचक्कींच्या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. आता मूळ प्रश्नातल्या दोन गोष्टी राहिल्यात: रात्रीच्या हिशेबाची वेळ आणि एसएमएसचा मजकूर.

वेळ @शेड्यूलमध्ये लिहिली असेल तर ती सरळ बाहेरून देता येत नाही. ॲनोटेशनमध्ये कंपाइलच्या वेळी ठरलेलीच किंमत चालते. @शेड्यूल काढा. स्टार्टअप सिंगलटनमध्ये टाइमरसर्व्हिस घ्या आणि @पोस्टकन्स्ट्रक्टमध्ये तास-मिनिट वाचून क्रिएट-कॅलेंडर-टाइमर करा. शेड्यूलएक्स्प्रेशनमध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' लिहाच. सर्व्हर यूटीसीवर असेल तर रात्री २ ला लावलेला हिशेब आपल्या सकाळी साडेसातला सुरू होतो, म्हणजे केंद्र उघडायच्या वेळेला. टाइमरकॉन्फिगमध्ये पर्सिस्टंट फॉल्स द्या. न दिल्यास टाइमर साठवला जातो, आणि दर रीस्टार्टला @पोस्टकन्स्ट्रक्ट जुन्यासोबत आणखी एक नवा टाइमर बनवतो. मग हिशेब दोनदा, तीनदा. उलट बाजू अशी की पर्सिस्टंट नसलेला टाइमर क्लस्टरच्या प्रत्येक नोडवर वाजतो. तुमचे सर्व्हर वेगवेगळे आहेत, तुम्हाला तो त्रास नाही.

मजकूर. प्रॉपर्टीज फाइलमध्ये मराठी थेट लिहून ती इनपुटस्ट्रीमने लोड केली तर मोबाइलवर अगम्य चिन्हं जातात. प्रॉपर्टीज.लोडला इनपुटस्ट्रीम दिला की तो फाइल आयएसओ ८८५९-१ समजून वाचतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, त्यामुळे एकाची तीन चिन्हं होतात. जावा ९ मध्ये यूटीएफ-८ आलं असं सांगतात ते रिसोर्सबंडलपुरतं. जावा १८ मध्ये डीफॉल्ट कॅरॅक्टरसेट बदलला, तोही या मेथडला लागू नाही. उपाय म्हणजे इनपुटस्ट्रीमरीडरला यूटीएफ-८ सांगून तो रीडर लोडला द्यायचा. एक्सएमएलमध्ये फाइलवर यूटीएफ-८ जाहीर केलेलं असेल तर ही अडचण येत नाही.

---

मांजरापट्टा (लातूर)

मजकुराचा नेमका हाच त्रास होता, रीडर लावल्यावर गेला. एक शंका. नांदेडच्या ऑपरेटरने बाइंडिंगमध्ये मर्यादा मराठी आकड्यांत टाकली आणि सर्व्हरने ती नाकारली. पण टाइमआउट मराठी आकड्यांत असून चालायलंय. असं कसं?

---

दुधना (परभणी)

टाइमआउट इन्टीजर आहे, मर्यादा डबल. इन्टीजर.पार्सइन्ट प्रत्येक चिन्ह कॅरॅक्टर.डिजिटकडून ओळखून घेतो, आणि त्याला देवनागरी अंक कळतात. डबल.पार्सडबलला ते कळत नाहीत, तो नंबरफॉरमॅट एक्सेप्शन देतो. चालतंय म्हणून टाइमआउटही तसाच ठेवू नका. उद्या कोणी प्रकार बदलला किंवा तीच किंमत एखाद्या शेल स्क्रिप्टने वाचली तर तिथे अडेल. सगळ्या किमती इंग्रजी आकड्यांत टाका, दशांशाला टिंब, स्वल्पविराम नाही. टक्क्याचं चिन्हही किमतीत नको.

एसएमएसचा मजकूर बाहेर काढताय तर त्याची लांबीही त्या स्टार्टअप बीनमध्ये तपासून घ्या. देवनागरी संदेश युनिकोडमध्ये जातो, एका एसएमएसमध्ये ७० चिन्हं मावतात, जोडसंदेशात प्रत्येक भागात ६७. काना, मात्रा, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात, म्हणून स्ट्रिंगची लेंग्थ घ्या, डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजू नका. शेतकऱ्याचं नाव आणि वजन भरल्यानंतरची लांबी धरा, नुसत्या साच्याची नाही.